चोविसावा कॉलम

बोंद्रेकाका माणसांना नंतर भेटायचे, आधी त्यांच्या गाडीच्या काचेला. अमेरिकेतल्या फ्रिस्कोत आमच्या मराठी मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, आत साबुदाणावडे संपत आलेले असोत, हा सहा फुटी गृहस्थ पार्किंगमध्ये एकेका गाडीवर ओणवा होऊन काचेच्या कोपऱ्यातला बारीक नंबर वाचत असायचा. त्या नंबरचं पहिलं अक्षर गाडी कुठल्या देशात जुळली ते सांगतं. एक म्हणजे अमेरिका, दोन कॅनडा, तीन मेक्सिको, 'जे' असेल तर जपान. दोनदा पोलिसांनी त्यांना गाडीचोर समजून हटकलं. दोन्ही वेळा काकांनी पोलिसाच्याच गाडीचा नंबर वाचून तिचं गोत्र काढलं आणि "ऑफिसर, धिस इज कॅनेडियन" असं सांगून त्याला हताश करून सोडलं. मी शपथेवर सांगायला तयार आहे.

माझ्या चंदेरी जपानी गाडीवरून उठत ते पहिल्याच भेटीत म्हणाले, "राजा, तुही जपानी गाडी ओहायोत जन्मली. अन् माह्या शोरूममधली अमेरिकन गाडी मेक्सिकोतून आली. आता सांग, परदेशी कोण?"

उत्तरही त्यांनीच दिलं.

"आपण दोघं बे."

काका मूळचे नागपूरचे. २००१ च्या मंदीत प्रोग्रॅमरची नोकरी गेली, तेव्हा "हवा बदलेपर्यंत" म्हणून ते हायवेवरच्या एका अमेरिकन गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्समन झाले. हवा बदलली, काका तिथेच राहिले. पण आमच्या लोकांना गाडी म्हणजे जपानी, आणि रंग चंदेरी. मंडळाच्या पार्किंगमध्ये अशा इतक्या गाड्या असत की एका गणपतीत आमचे कुलकर्णी भलत्याच गाडीत बसून शेजारच्या प्लेनो गावापर्यंत गेले आणि मागच्या सीटवरून जोश्यांच्या सासूबाईंनी "घर आलं का हो?" विचारल्यावर परत फिरले. सात वर्षांत एकाही मराठी घराने काकांकडून गाडी घेतली नव्हती. घेत कोणीच नसे, सल्ला मात्र सगळे विचारत. तेही देत, जपानी गाडीबद्दलसुद्धा. "डॉक्टर काय आपल्याच आजाराचं औषध देते का?" म्हणायचे.

मग २००८ चा उन्हाळा आला. पेट्रोल गॅलनमागे चार डॉलरला भिडलं आणि शोरूमबाहेरचे अजस्र पिकअप ट्रक उन्हात नुसते उभे राहिले. त्यांच्या सावलीत गाई बसायला लागल्या, असं काका सांगत. मालक रँडी हा भला माणूस, पण त्याचंही डोकं फिरलं. त्याने काकांना सांगितलं, "या गावात तुझे एवढे लोक आहेत. महिनाअखेरपर्यंत त्यांतलं एक तरी गिऱ्हाईक आण, नाहीतर मला तुला ठेवता येणार नाही." पन्नाशी उलटलेल्या काकांना कॉम्प्युटरच्या धंद्यात पुन्हा कोण घेणार होतं?

तेव्हा मी दुसरी गाडी घ्यायच्या विचारात होतो. विचार म्हणजे एक्सेल शीट. मायलेज, रिसेल, कपहोल्डर धरून तेवीस कॉलम. अमेरिकन गाडी शेवटून दुसरी. महिना संपायला चार दिवस असताना काका घरी आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी शीट पाहिलं.

"छान आहे. चोविसावा कॉलम कुठे गेला?"

"कुठला?"

"मावशींच्या गुडघ्यांचा."

माझी आई सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आली होती. माझ्या गाडीत बसायचं म्हणजे ती विहिरीत उतरल्यासारखी उतरे आणि बाहेर काढायला मी आणि बायको, दोघं लागत. त्यामुळे दोन महिन्यांत तिने देऊळ सोडून काही पाहिलं नव्हतं. पायच दुखतात, म्हणायची. माझ्या शीटमध्ये ते कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी तिला त्यांच्याकडच्या मध्यम उंचीच्या गाडीपाशी नेलं. आई वळली, टेकली, पाय आत घेतले. कोणाचा हात लागला नाही. "ओट्यावर बसल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. काचेपलीकडे रँडी येरझारा घालत होता.

"अहो बोंद्रे, पण टिकेल का ही?" आईने विचारलं.

एका "हो"वर नोकरी वाचत होती.

"मावशी, खरं सांगू? दहा वर्षांमागची असती तर मीच तुम्हाला बसू दिलं नसतं. जपान्यांनी आमच्या कंपनीवाल्यांचे कान पिळले, तेव्हा कुठे दारं धड लागायला लागली. हे ऐका." त्यांनी दार लावलं. तबल्यावर थाप पडावी तसा भरीव आवाज आला. "पण तुमच्या पोराच्या शीटमध्ये ही सोळा कॉलमांत हरते. रिसेलमध्ये तर पार आपटते. ते लपवून विकणार नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. "घे ही. हरल्याचं स्वतः सांगतोय तो."

मी घेतली. आईने देवळात भेटणाऱ्या यच्चयावत आज्यांना फोन केले. पुढच्या शनिवारी शोरूममध्ये अकरा आजी-आजोबा गाड्यांत चढउतार करत होते. कुठल्याशा वृद्धाश्रमाची सहल आली असं वाटून रँडीने लिंबू सरबत मागवलं. त्यांतल्या तिघांच्या मुलांनी गाड्या घेतल्या. काकांची खुर्ची टिकली.

महिन्याभराने मी ऑइल बदलायला गेलो, तर काका हायवेपलीकडच्या जपानी शोरूममधून चालत येत होते. आमची गिऱ्हाइकं पळवणारा हा कोण, म्हणून त्यांनी जास्त पगारावर बोलावलं होतं. रँडीचा चेहरा चुन्यासारखा झालेला. काकांचं इंग्रजीही नागपूरहूनच आलेलं असल्यामुळे मी मराठीत सांगतो.

"चाललास?" रँडीने विचारलं.

"नाही. नको म्हणून आलो. पण निघताना त्यांना सांगितलं, तुमच्या गाडीत आमच्या आया विहिरीत उतरतात, सीट चार बोटं वर घ्या."

रँडी पोट धरून हसला. "मग हाकलून दिलं असेल."

"हसले नाहीत रँडी ते. वही काढली. चार बोटं म्हणजे किती, हे माझा हात टेबलावर ठेवून पट्टीने मोजलं."

रँडीचं हसू तिथेच थांबलं. काचेतून त्याने पलीकडच्या शोरूमकडे बराच वेळ पाहिलं. मग टेबलाचे तिन्ही खण उपसले, तळातून एक पट्टी शोधून काढली आणि काकांसमोर बसला.

"हात दे इकडे," म्हणाला.