नीनोच्या दुकानातला पहिला काप

नीनोच्या दुकानात कोणी इटालियन सब सँडविचवर मेयो मागितलं, की नीनो सुरी खाली ठेवायचा आणि अगदी काळजीच्या सुरात विचारायचा, "घरी सगळं ठीक आहे ना?" मागच्या रांगेत हशा पिकायचा. मागणारा नवखा असेल तर ओशाळायचा, जुना असेल तर मुद्दाम मागायचा. मेयो मात्र कोणालाच मिळायचं नाही. तेल, व्हिनेगर, चिमूटभर ओरेगानो, संपलं. "काय चांगलं लागतं हे लोकांना कळत असतं, तर ते माझ्याकडे कशाला आले असते?" असं त्याचं म्हणणं होतं.

पार्सिपनी या अमेरिकी गावात आमच्या अपार्टमेंटसमोरचा रस्ता ओलांडला की लाँड्री आणि न्हाव्याचं दुकान यांच्यामध्ये त्याची डेली होती, म्हणजे सँडविच आणि कापलेलं चीज-मांस विकणारं छोटं दुकान. ठेंगणी मूर्ती, पांढऱ्या झुपकेदार भुवया, आणि एप्रनला न जुमानणारं पोट. गल्ल्यावर त्याची बायको लुचिया बसायची. तिला मी फारसं बोलताना ऐकलं नाही, पण नीनोची बढाई हाताबाहेर जाऊ लागली की ती नुसती चष्म्यावरून बघायची आणि नीनोचा आवाज खाली यायचा. सँडविच पांढऱ्या कागदात घट्ट गुंडाळून तो कागदासकट कापायचा, एक घाव दोन तुकडे. ते हातात ठेवताना प्रत्येकाला एकच वाक्य, "आधी खा, मग बोल." तक्रार असो, हवापाणी असो, राजकारण असो, सगळं खाऊन झाल्यावर.

मी शाकाहारी आहे म्हटल्यावर त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि "पुअर थिंग" म्हणाला. पण ताजं मोझरेला, टोमॅटो आणि भाजलेली लाल ढबू मिरची घालून त्याने जे सँडविच दिलं, त्यानंतर माझे शनिवार त्याच्या नावावर लागले.

मग सोलापूरहून माझी आई सहा महिन्यांसाठी आली. सकाळच्या फेरफटक्यात ताज्या पावाच्या वासाने तीच आधी दुकानात शिरली, आणि नीनो मशीनवर हॅम कापत होता ते पाहून तितक्याच वेगाने पदर नाकाला लावून बाहेर पडली. नीनो धावत दारापर्यंत आला. "सिन्योराला काय झालं? माझ्या दुकानातून उपाशी कोणी जात नाही."

मी चाचरत सांगितलं, की आई मांसाला लागलेल्या सुरीचंही खात नाही. वाटलं, आता हा आपल्याला येड्यात काढणार. पण नीनो गंभीर झाला. ईस्टरच्या आधीच्या उपासांत, शुक्रवारी, त्याची आई मटणाची सुरी स्वयंपाकघरात दिसूसुद्धा द्यायची नाही म्हणे. "उद्या दुकान उघडताना घेऊन ये," तो म्हणाला. "मशीन धुतलेलं असतं. पहिला काप चीजचा, सिन्योरासाठी. पाव कापायला वेगळी सुरी. हॅम त्यानंतर."

दुसऱ्या दिवशी आई गेली खरी, पण कारखान्याची तपासणी करायला आल्यासारखी. मशीन बघितलं, कापायची फळी बघितली, सुरी उलटीसुलटी करून बघितली. नीनो हात मागे बांधून उभा, शाळकरी पोरासारखा. मग तिने एक घास खाल्ला, सावकाश चावला आणि मला म्हणाली, "बरंय गं. पण अळणी आहे." आणि मी थांबवायच्या आत पर्समधून छोटी डबी काढून तिने सोलापुरी शेंगाचटणी सँडविचवर भुरभुरली.

मी डोळेच मिटले. मेयोसाठी भल्याभल्यांची उलटतपासणी घेणारा माणूस! नीनोने काउंटरवरून हात पुढे केला. आईने त्याच्या तळव्यावर चिमूटभर चटणी ठेवली. त्याने ती चाखली, भुवया वर गेल्या, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. लुचिया गल्ल्यावरून उठून पाणी घेऊन आली. "हिला परवानगी आहे," तो खोकत म्हणाला, "फक्त हिला."

त्यानंतर आईची सकाळ तिथेच उगवायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता, पण "नीनोभाऊ, आज टोमॅटो कच्चा आहे हं" असं ती सांगायची आणि तो निमूट दुसरा घ्यायचा. परत जाताना तिने त्याला चटणीची बरणी दिली. मला बजावलं, "त्याला सांग, जपून वापर. आणि हे शेंगदाण्याचं आहे, गिऱ्हाइकांना विचारल्याशिवाय देऊ नको म्हणावं."

आई पुन्हा आली नाही. पुढच्या वर्षी ती सोलापुरात अचानक गेली. आमचे व्हिसाचे कागद अडकलेले, मला निघताच आलं नाही. तिला शेवटचं पाहिलं ते फोनच्या पडद्यावर. मैत्रिणींचे फोन आले, मेसेज आले, पण त्यातल्या कोणी आईला कधी पाहिलं नव्हतं. मला तिच्याबद्दल बोलायचं होतं आणि ऐकायला, नवरा सोडला तर, तिला ओळखणारं कोणी नव्हतं.

नवरा सकाळी दूध आणायला गेला तेव्हा नीनोला सांगून आला. भर जेवणाच्या वेळी, दारावर रांग असताना, नीनोने दुकानाला कुलूप लावलं आणि लुचियाला घेऊन आमच्याकडे आला. हातात पांढऱ्या कागदातली सँडविचेस. "शोकाच्या घरात स्टोव्ह पेटवायचा नाही," तो म्हणाला. "सकाळचा पहिला काप आहे, मी राखून ठेवला होता. आधी खा, मग रड."

मी घास घेतला. आत शेंगाचटणी होती. बरणीतली शेवटची.

खूप वेळ बसला तो. आईच्या टोमॅटोवरच्या टीकेची नक्कल केली, आणि मी रडता रडता हसले. मी त्याला सांगितलं, आमच्याकडेही असंच असतं, शेजारी पिठलं-भात आणून देतात.

"ते काय?"

"बेसनाचं असतं. पिवळं, घट्टसर."

"पोलेंटा! आमचं मक्याच्या पिठाचं तसंच असतं."

"जवळपास."

"मग माझ्या वेळी तू तेच आण."

"नीनो, काहीतरीच बोलू नकोस."

"का? मी तुझा शेजारी नाही?"

काही वर्षांनी त्याचे हात थरथरू लागले आणि त्याने दुकान बंद केलं. तिथे आता फोन दुरुस्त करून मिळतात. गेल्या वसंतात नीनो गेला. अंत्यविधीला चर्च भरून वाहत होतं. एवढ्या गर्दीत मला एकच गोष्ट सुचत होती: घराबाहेरचा, आईला ओळखणारा इथला शेवटचा माणूस गेला.

मी घरी येऊन पिठलं हाटलं, भात लावला आणि लुचियाकडे गेले. तिच्या टेबलावर नातेवाइकांनी आणलेल्या पास्त्याचे ट्रे एकावर एक रचलेले. माझा डबा तिथे अगदीच केविलवाणा दिसत होता. मी तो कडेला ठेवू लागले, तशी लुचियाची मुलगी हळूच म्हणाली, "शी हॅजन्ट ईटन ऑल डे. कोणाचंच काही घेत नाहीये."

लुचियाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पिवळं आणलंस?"

मी मान डोलावली.

"त्याने सांगून ठेवलं होतं, इंडियन गर्ल येईल, तिचं आधी खा. म्हणून थांबले होते." तिने डबा स्वतःकडे ओढला, झाकण उघडलं आणि शेजारची खुर्ची माझ्यासाठी सरकवली. "बस. तूही घे. आधी खाऊ, मग रडू."