कुलपाआडचा सयाजी

कागलचा सयाजी आवळे टेम्पो चालवायचा आणि कुणाकडं काही मागायचा नाही. टायर एकटा बदलायचा, घराची कौलं एकटा शाकारायचा. २००२ सालच्या मे महिन्यात कौलं शाकारतानाच तो आढ्यावरून खाली आला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. इस्पितळातून घरी आणून मधल्या खोलीत पलंगावर ठेवला, तो तिथलाच झाला.

बायको पवित्रा एमआयडीसीत एका कारखान्याच्या कँटीनला भाकऱ्या थापायला जाऊ लागली. निघताना ती पलंगाशी उभी राहून डोळे मिटायची.

"येशूबाबा, आज दिवसभर ह्यांच्यापाशी ऱ्हा. ह्यांना ताप येऊ देऊ नगं. मला बस वेळंवर मिळू दे."

"देवाला काय एस्टीत नोकरीला ठेवलंयस व्हय?" सयाजी म्हणायचा. तोही जन्मानं ख्रिस्तीच. पण चर्चमध्ये जायचा तो नाताळला, तेही नवा शर्ट असला तर.

"दार नुसतं लोटून जाते. कोण तरी डोकावंल," असं पवित्रा रोज म्हणायची.

"कुणी डोकवायला नगं. कुलूप लाव."

मग बाहेरून कुलूप लागायचं. किल्ली फिरल्याचा आवाज ऐकला की सयाजीला बरंही वाटायचं आणि छातीवर कुणी बसल्यासारखंही. पायावर माशी बसलेली दिसायची, पण कळायची नाही. उशाकडच्या गजांच्या खिडकीतून फक्त शेजारच्या झुंबरबाईंचा गोठा दिसायचा. सांडपाण्यावरून दोन्ही घरांत भांडण झालं होतं, त्यामुळं बोलणं बंद. गल्लीत कुणाचं लग्न ठरलं, कोण मुंबईहून आलं, हे त्याला भिंतीपलीकडच्या बोलण्यातून समजायचं. लोक हसले की तो तोंडावर चादर ओढून घ्यायचा.

पुढच्या उन्हाळ्यातली एक दुपार. वीज गेली, पंखा थांबला. सकाळपासून अंगात ताप होता, तो त्यानं पवित्रापासून लपवला होता. स्टुलावरचा तांब्या घ्यायला हात लांब केला, कोपर लागलं आणि तांब्या गडगडत कोपऱ्यात गेला. जमिनीवरचं पाणी त्याच्या डोळ्यांदेखत सुकून गेलं.

पवित्रा यायला संध्याकाळ होणार होती. हातांच्या जोरावर खाली उतरू म्हणून त्यानं अंग पलंगाबाहेर काढलं. अर्धा देह लटकला, डोकं गरगरलं. पडलो तर असाच पडून राहणार, या भीतीनं त्यानं पलंगाची पट्टी धरून कसंबसं स्वतःला मागं ओढलं. जीभ टाळूला चिकटली होती.

"देवा, पाणी दे," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं काही मागितलं होतं, आणि तेही इतकं बारकं. त्याची त्यालाच लाज वाटली.

काहीच झालं नाही. कौलं तापत राहिली. मग खिडकीबाहेर पाणी पडायला लागलं. झुंबरबाई नळीनं म्हैस धूत होत्या.

"म्हशीला देतोस आनि मला न्हाय," तो पुटपुटला. आणि पुटपुटतानाच त्याच्या ध्यानात आलं की पाणी हाताच्या अंतरावर आहे, फक्त हाक मारायची आहे. तेवढंच त्याला जमत नव्हतं. तोंड उघडायचं आणि मिटायचं. "देवा, हाक मारायचं बळ दे," असं त्यानं मनातल्या मनात म्हटलं, आणि मग सगळा जीव गोळा करून ओरडला, "काकूऽऽ!"

पाण्याचा आवाज थांबला. खिडकीत झुंबरबाईंचं रापलेलं तोंड आलं.

"का बोंबलालास?"

"काकू, पाणी."

"दाराला कुलूप हाय की रं!"

दुसरा कुणी असता तर माणसं गोळा करायला धावला असता. झुंबरबाईंनी नळीच गजांतून आत घातली. "तोंड उघड!" पाण्याचा फवारा आधी भिंतीवर, मग उशीवर, मग सयाजीच्या नाकातोंडात गेला. तो प्याला, ठसकला, पुन्हा प्याला. गादी भिजली, अंग भिजलं. त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता तो हुंदके द्यायला लागला.

"रड, रड," झुंबरबाई म्हणाल्या. नळी मात्र त्यांनी तशीच धरून ठेवली.

पवित्रा येईपर्यंत त्या उंबऱ्याशी बसून होत्या. ती दिसताच कडाडल्या, "ह्याला कोण चोरून न्हेणार हाय गं? आण ती किल्ली हिकडं!" त्याच संध्याकाळी त्यांनी डॉक्टरला बोलावून आणलं. त्या दिवसानंतर दाराला कुलूप लागलं नाही.

पाय काही परत आले नाहीत. पाठीला जखमा व्हायच्या, दुपारी खोली अजून अंगावर यायची. फरक एवढाच की सकाळी पवित्राबरोबर तोही मागायला लागला. कुशीवर वळवायला कुणी तरी येऊ दे, वारा सुटू दे, दाढी करायला न्हावी येऊ दे. कधी मिळायचं, कधी नाही. नाही मिळालं की तो रुसायचा, आणि रुसलोय हेही देवाला सांगायचा.

दोन वर्षांनी एका पहाटे झुंबरबाईंची म्हैस विताना अडली. त्या खिडकीशी आल्या. "सयाजी, तुझ्या देवाला सांग की रं."

त्यानं सांगितलं. ऊन वर येईस्तोवर सांगत राहिला. म्हैस वाचली, रेडकू मेलेलं निघालं.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई ताटलीत चिकाचा खरवस घेऊन आल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या.

"ऐकत न्हवता व्हय तुझा देव?"

"ठावं न्हाय, काकू," सयाजी म्हणाला. "मी सांगितलं की."

त्या बराच वेळ पदरानं डोळे पुसत राहिल्या. मग खरवसाचा तुकडा मोडून त्यांनी त्याच्या हातावर ठेवला, आणि दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला.