बाकाखालची काशी

आमच्या अप्पांनी चाळीस वर्षांत काशी सोडली नाही. सोडली नाही म्हणजे काशीची हद्द असलेल्या पंचक्रोशीच्या रस्त्यापलीकडे पाऊलच टाकलं नाही. का, तर काशीत मेलं की मोक्ष, आणि मरण काय सांगून येतं? माणूस पुतण्याच्या मुंजीला नागपूरला गेला आणि तिथेच आटोपला, तर सगळं मुसळ केरात! विधिवत क्षेत्रसंन्यास वगैरे त्यांनी घेतला नव्हता. "संकल्प कसला, नुसता हट्ट," असं आई म्हणायची, अर्थात ते संध्येला बसले की.

हट्ट अप्पांचा, अडकली आई. त्यांना सोवळ्यातलं कोण करून घालणार म्हणून तीही कुठे गेली नाही. तिची थोरली बहीण गुहागरला असते. आता नव्वदीची, अंथरुणाला खिळलेली. रोज संध्याकाळी फोनवर मावशी दिसायची, म्हणजे निम्मं कपाळ आणि छताचा पंखा, आणि एकच विचारायची, "येतेस ना गं?" आई म्हणायची, "येते हं." मग फोन ठेवून निमूट भाजी निवडायला बसायची. मी बँकेतून निवृत्त झालेली, बिनलग्नाची, दिवसभर घरात. मला ते बघवेना.

रेल्वेचं नाव काढलं की अप्पा विचारत, "तिथलं अन्न?" आणि आई विचारी, "तिथला संडास?" दोन्ही प्रश्न बिनतोड.

अशात इथल्या लंका मोहल्ल्यापलीकडच्या एका गॅरेजच्या आवारात, पेरूच्या झाडाखाली, मला ती गाडी दिसली. कोण्या परदेशी सतारवाल्यानं इथलीच जुनी व्हॅन घेऊन आत घर थाटलं होतं आणि पुढे सतार की गाडी असा प्रश्न आल्यावर गाडी टाकून गेला होता. आत गादीच्या जागी उंदरांचा संसार, सनमायका पापडासारखा फुगलेला, आणि फळीमागे एक चिलीम. इंजिन मात्र गॅरेजवाल्यानं चालू करून दाखवलं. मी गाडी घेतली. स्वयंपाकही आपला, संडासही आपला, आता बोला!

अप्पा बोलले. चक्क ऐकून घेतल्यावर म्हणाले, "आधी आत काय काय करणार ते सांग." मला वाटलं, झालं, विरघळले. कसलं काय! त्यांनी फक्त वाद घालायला नवीन मैदान मिळवलं होतं. चिलमीपायी गाडीची शुद्धी झाली. मग देव कुठे ठेवायचे? पूर्वेला. पण गाडी वळली की पूर्वही वळणार. दोन दिवस विचार करून त्यांनी निर्णय दिला की देव्हारा फिरत्या पाटावर बसवावा. मग संडास. देव, चूल आणि संडास एका खोलीत? शिव शिव! संडास काढून टाका.

"अहो, मग काय दर कोसाला लोटा घेऊन उतरू मी?" आई म्हणाली. तिनं एवढा आवाज चढवलेला मी आयुष्यात दोनदाच ऐकला. संडास राहिला.

पहिल्या सुतारानं आत डोकावून हात जोडले. "इसमें एक दीवार सीधी नहीं है, बहनजी." मग अप्पांनीच पंचगंगा घाटावरचा नावा दुरुस्त करणारा म्हातारा मिस्त्री आणला. त्यानं छताच्या कमानीकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाव ही तो है, गुरुजी. उलटी रखी है." झालं, दोघांचं जमलं. फळ्या नावेतून अस्सी घाटापर्यंत जायच्या, फळ्यांवर अप्पा बसलेले. ब्रह्मा घाटावरच्या आमच्या गल्लीत गाडी सोडा, सायकलसुद्धा धड घुसत नाही, म्हणून काम गॅरेजच्याच आवारात. अप्पा रोज सकाळी डबा घेऊन कामावर निघायचे. वेदपाठशाळेतलं शिकवणं सुटल्यापासून इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते.

आणि मग एका सकाळी त्यांनी तो तोडगा काढला. समोरासमोर दोन बाक होणार होते, रात्री त्यांवरच झोपायचं. एका बाकाखाली काशीची माती भरायची. चांगली चार बोटं जाड, लाकडी पेटीत. वर झोपणारा माणूस गाडी कुठेही असो, निजला काशीतच!

"अप्पा, काशीची माती बाहेर नेत नाहीत. तुम्हीच सांगत आलात. तीतल्या किड्यामुंग्यांचा मोक्ष बुडतो."

"नेतोय कोण? उसनी घेतोय. परत आणून टाकायची."

पुरानंतर पायऱ्यांवर राहिलेला गाळ त्यांनी गच्चीवर वाळवला, पिठाच्या चाळणीनं चाळला आणि चष्मा लावून त्यातल्या मुंग्या एकेक करून काशीतच उतरवल्या. ती चाळणी आईनं पुन्हा हातात घेतली नाही. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, बघा या माणसाचं! बायको बहिणीसाठी झुरतेय आणि यांना स्वतःच्या मोक्षाच्या गादीची पडलीय. खरं सांगते, त्या आठवड्यात मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

चिडून मीच मिस्त्रीला विचारलं, दोन्ही बाकांखाली माती भरली तर? निदान आईलाही थोडी काशी मिळेल. तो हसला. पाण्याची टाकी कुठे जाणार मग? आणि वजन? एका बाजूला माती, दुसरीकडे टाकी, तरच गाडी सरळ चालेल. नाव असो की गाडी, बोजा एकीकडे गेला की कलणार. टाकीत गंगाजळ भरावं असंही माझ्या मनात आलं, पण टाकीचं पाणी संडासाला जाणार होतं. तो विषय मी अप्पांपर्यंत नेलाच नाही.

अप्पांच्या सूचना मात्र संपेनात. मातीच्या बाकाची उंची कमी करा. चढायला पायरी द्या. हाताशी धरायला दांडी हवी, गुडघे दुखतात. कुणाचे गुडघे? हे पंचगंगेच्या पायऱ्या रोज चढतात आणि वर जाऊन कुणाशी तरी भांडतातही. नखरे नुसते, म्हटलं, आणि दांडी लावून घेतली.

निघायचा दिवस उजाडला. आई नवं लुगडं नेसली होती आणि मावशीसाठी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा तिनं हातात धरला होता. अप्पा आधी चढले आणि सरळ टाकीवरच्या बाकावर जाऊन बसले.

"अप्पा, तुमची काशी इकडे."

"ती माझी नाही," ते म्हणाले. "तिची आहे. म्हातारीला वाटेत काही झालं तर? माझ्यापायी चाळीस वर्षं थांबली ती. आता माझ्याबरोबर निघाली आणि मोक्षही गेला, तर मी काय तोंड दाखवू?"

दांडी कुणासाठी, पायरी कुणासाठी, गुडघे कुणाचे, सगळं एकदम डोक्यात आलं आणि मला स्वतःची लाज वाटली.

"आणि तुमचं काय हो?" आईनं विचारलं.

"माझं काय? मरणार नाही. परत येईपर्यंत दम धरीन."

आई दांडी धरून पायरी चढली, मातीच्या बाकावर बसली, लाडूंचा डबा शेजारी ठेवला. मी गाडी चालू केली. बँकेत असताना गाडी शिकले होते, ते अखेर कामी आलं.

कंदवा गावाजवळ पंचक्रोशीचा रस्ता आला. अप्पांनी डोळे मिटले आणि ओठ हलायला लागले. मी आरशातून बघत होते. गाडी रस्ता ओलांडून पलीकडे गेली, आणि आई उठली. डबा तिथेच ठेवून, दांडी धरत धरत समोर गेली आणि त्यांच्या शेजारी टाकीवर टेकली.

"अगं, तिकडे बस! एवढी माती चाळली मी!"

"बसू द्या लाडवांना," आई म्हणाली. "सरका जरा."

ते सरकले. गाडी डावीकडे कलली, मिस्त्रीनं सांगितलं होतं तशीच. मी गुहागरपर्यंत ती तशी कलतीच चालवली.