घामाच्या माश्या आणि काकडीचा वेल

घामाच्या माश्या बघायला मी हल्ली कुठेही वाकून बसते. मुदखेड स्टेशनवर फलाटाची फरशी संपते तिथली उघडी माती, लातूरजवळच्या मुरुडला बाजारामागची पायवाट, कुठल्याही शेताचा तुडवलेला बांध. लोकांना वाटतं, बाईंचं काहीतरी हरवलंय. काळ्या जमिनीत या माश्या मला क्वचितच दिसल्या. ती उन्हाळ्यात भेगाळते, मग बिळं कशी टिकणार? त्यांना टणक, उघडी, उन्हात तापणारी मुरमाड माती लागते. मधमाशीच्याच जातीची, पण तांदळाच्या दाण्याएवढी माशी, तेवढंच तिचं बीळ आणि बिळाच्या तोंडाशी चिमूटभर माती. नांदेडच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून माझं हे वेड खपून जातं. खरं कारण माझी वहिनी आहे.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि आमच्या गावच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. शिवारात फूल म्हणून उरलं नव्हतं, त्यामुळे मोहळं केव्हाच उठून गेली होती. आमच्या परसात मात्र न्हाणीच्या सांडपाण्यावर आईनं काकडीचा एक वेल जगवला होता. परसामागच्या उतारावर घामाच्या माश्यांची बिळं होती. आम्ही तिथं बसलो की त्या हाताला गुदगुल्या करत घाम चाटायच्या आणि सकाळी वेलाच्या पिवळ्या फुलांत लोळायच्या. त्यांचा आणि काकडीचा काही संबंध असेल, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

मग नव्या जिल्ह्याचे साहेब दुष्काळ बघायला येणार असं ठरलं. त्यांच्या जीपसाठी आमच्या परसामागून रस्ता काढायचा होता. दुष्काळी कामावरच्या बायांनी तो सगळा उतार खणला, वर मुरूम टाकला आणि धुम्मसानं ठोकून चोपून काढला. साहेब आले, जीपमधून न उतरताच मान डोलावून गेले. त्यानंतर आमच्या हातावर माशी बसेना. वेलाला फुलं यायची, काही फुलांमागे बोटाएवढी काकडी दिसायची, ती पिवळी पडायची आणि गळून जायची.

आईनं कारण घरातच शोधलं. त्या वेळी पाळी आलेली बाई परसात वेगळी बसायची. वहिनी वेलाजवळ बसायची, कारण दुसरीकडे सावलीच नव्हती. लग्नाला काही वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. एवढं आईला पुरेसं झालं.

"हिची सावली पडायली येलावर," आई शेजारणींसमोर म्हणाली. "हिच्यापायी येलबी वांझ झाला बघा."

"आत्याबाई, म्या शिवले न्हाई ओ येलाला," वहिनी हळू आवाजात म्हणाली.

दादा तिथंच बसून जेवत होता. त्यानं मान वर केली नाही, भाकरी तेवढी मागितली. मला त्याचा अजूनही संताप येतो. पुढच्या महिन्यात वहिनीला चार दिवसांसाठी म्हणून निलंग्याकडे माहेरी धाडलं आणि आणायला कुणी गेलंच नाही. दादाचं दुसरं लग्न झालं.

बऱ्याच वर्षांनी कॉलेजात शिकताना कळलं, की काकडीच्या वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी असतात. एकीकडचा पराग दुसरीकडे न्यायला माशी लागते, नाहीतर फळ धरत नाही, गळून पडतं. पुढच्याच रविवारी मी निलंग्याची एसटी धरली.

वहिनी भावाच्या मागच्या ओट्यावर ज्वारी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, उतारावरची बिळं, तो रस्ता, गळालेल्या काकड्या. मला वाटलं, ती आईला शिव्या घालेल, निदान रडेल तरी. ती घरामागे बघत राहिली. तिथं तिच्या भावजयीचे भेंडीचे वाफे होते.

"म्हंजे माझ्यात काई नव्हतं?"

"काहीच नव्हतं, वहिनी."

"आन् म्या इतकी वर्सं भावाच्या परसात पाय न्हाई टाकला," ती म्हणाली. "यांचं जळंल म्हणून."