सीटला चुकूनही नको

मामाचा डावा पाय शर्यतीत गेला, असं आमच्या रस्त्यावर सगळे सांगतात. गेला म्हणजे पाय आहे जागेवरच, पण चालताना जरा मागे रेंगाळतो, रुसलेल्या पाहुण्यासारखा. न्हावीकाका ही गोष्ट सांगताना कात्री हवेतच चालवतात. “शेवटचं वळण! कचकच. मागे आठ मोटरसायकली! कचकच. आणि ह्याचा ब्रेक गेला की हो!” गोष्ट संपेपर्यंत गिऱ्हाइकाचा एक कान मोकळा आणि एक झाकलेला. समोरचे शिंपीकाका तीच गोष्ट तोंडात टाचण्या धरून सांगतात, त्यामुळे त्यांची सगळी शर्यत नाकातून होते, आणि मामा पडतो तेव्हा टाचण्याही पडतात.

खरी हकिगत एवढीशी आहे. मामाचं मोटरसायकलच्या आणि रेसिंगच्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. त्याच्या माळ्यावरून सायलेन्सरचं खोकं सरळ त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर आलं. आणि ते त्यानंच ओढलं होतं, खाली उभ्या असलेल्या मामीला “बाजूला हो गं, पडेल” असं सांगता सांगता.

शर्यत सोडाच, मामाला मोटरसायकल चालवताच येत नव्हती. लायसन्स होतं. तरुणपणी सगळ्यांनी काढलं म्हणून यानंही काढलं, आणि पुढे ते बँकेत ओळख पटवायला वापरलं. कुठं जायचं झालं की तो मामीच्या मागे बसायचा, तिची पर्स छातीशी धरून, डोळे गच्च मिटून. “मी म्हणजे पोहता न येणारा होडीवाला,” असं तो स्वतःच म्हणायचा. घरात. दुकानात नाही.

दुकानात तो वेगळाच. भिंतीवर सायलेन्सर ओळीनं टांगलेले, काउंटरच्या काचेखाली ब्रेक पॅड, प्लग, चेनचे जुडगे, आणि सगळ्याला रबराचा आणि ग्रीसचा वास. कंपनीचे मूळ भाग तो ठेवत नसे. बाहेर बनलेले, जास्त चकचकीत, जास्त मोठ्या आवाजाचे, तेच त्याच्याकडे. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मामी ते गाड्यांना बसवायची, तेल बदलायची, चेन ताणायची, आणि मग गाडी चालवून बघायची. मामा विकायचा, मामी चालवायची. लोकांनी मात्र आपापल्या मनानं ठरवून टाकलं होतं, की मामीला तयार केलं ते मामानंच.

मामाचा एक नियम होता. गाडी आवाज करते म्हणून कुणी आलं, की तो आवाज आधी स्वतःच्या तोंडानं काढून दाखवायचा. त्याशिवाय मामा कपाटाला हात लावत नसे. मग टाय लावलेले, सोनेरी घड्याळवाले लोक काउंटरपाशी उभे राहून “खर्र खट, खर्र खट” करायचे, आणि मामा डोळे मिटून म्हणायचा, “खट जरा लांबवा. हां. चेन सैल.” निम्म्या वेळा ते बरोबर निघायचं. उरलेल्या वेळा मामी शेडमधून ओरडायची, “चेन नाही हो, नंबरप्लेट हलतेय!”

आणि टायरला चकाकी आणणाऱ्या पॉलिशची बाटली विकताना तो न चुकता एक पाठ म्हणायचा. हा पाठ मी झोपेतही करून दाखवते, आवाज जरा घशात ठेवून, बोट वर करून: “टायरच्या बाजूला लावा, बंपरला लावा, सीटला चुकूनही नको. सीटला लावलं की माणूस घसरला. मग माझ्याकडे येऊ नका.”

शर्यतीची गोष्ट पहिल्यांदा कानावर आली तेव्हा त्यानं ती नाकारली होती. “अहो, खोकं पडलं होतं,” असं तो म्हणाला. गिऱ्हाईक गहिवरून म्हणालं, “बघा, मोठी माणसं कधी बोलून दाखवत नाहीत.” आणि जाताना दोन आरसे जास्त घेऊन गेलं. तेव्हापासून कुणी पायाचा विषय काढला, की मामा खिडकीबाहेर बघायचा. “मी खोटं कुठं बोलतो?” तो आम्हांला म्हणायचा. “नुसता बाहेर बघतो. बाहेर बघायला बंदी आहे का?”

बंदी नव्हती, पण एक दिवस बाहेर बघण्याची किंमत मोजायची वेळ आली. दातांचे डॉक्टर दुकानात आले. हे आमच्या भागातल्या मोटरसायकल क्लबचे अध्यक्ष, आणि क्लबच्या निम्म्याहून जास्त गाड्यांची देखभाल मामाकडे. डॉक्टर दात काढताना बोलतात तसंच एरवीही बोलतात, म्हणजे आधी गोड, आणि मग एकदम खेचतात.

“काही दुखणार नाही बरं का,” ते म्हणाले. “आमच्या वार्षिक फेरीत यंदा सगळ्यांत पुढे तुम्ही. माझी लाल गाडी. तुमच्या दुकानापासून मोठ्या मैदानापर्यंत. नाही म्हणायचं नाही!”

मामानं खिडकीबाहेर पाहिलं. समोर, रस्त्यापलीकडे, काचेच्या दाराचं नवं दुकान झालं होतं. आत थंड हवा, बसायला सोफे, आणि त्याचा मालक स्वतः मोटरसायकलवर येतो-जातो. नाही म्हटलं तर क्लब दार ढकलून तिकडे आत जाणार, हे मामाला त्या काचेत स्वच्छ दिसत होतं.

“त्यात काय,” मामा म्हणाला.

शेडमध्ये मामीच्या हातातून पाना पडला.

“अहो, हो काय म्हणालात?” डॉक्टर गेल्यावर ती हात पुसत आली. “हँडल कुठल्या बाजूला असतं ते तरी माहीत आहे का?”

“विकतो की मी हँडलं.”

“विकता. धरत नाही.”

मग रोज सकाळी बंद पडलेल्या कारखान्याच्या पटांगणात शिकवणी सुरू झाली. मामी मागे, मामा पुढे, आणि मी कठड्यावर, पोट धरून. आयुष्यभर मामीच्या मागे डोळे मिटून बसल्यामुळे मामाला एक सवय लागली होती, वळण आलं की तो डोळे मिटायचा.

“डोळे उघडा!”

“उघडलेत!”

“मग तो खांब कसा नाही दिसला?”

“दिसला! म्हणून तर मिटले!”

क्लच तो इतक्या हळू सोडायचा की गाडी विचारात पडायची, आणि मग इतक्या झटक्यात सोडायचा की दोघंही नमस्कार घातल्यासारखे पुढे वाकायचे. हा प्रसंग मी घरी ताटं वाजवून करून दाखवला, दोन्ही आवाजांत, इंजिनासकट. आई हसून हसून रडली. मामाही हसला. म्हणाला, “इंजिन जमलं तुला. मी एवढा बारीक ओरडत नाही.” मग ओरडला आणि लक्षात आलं, ओरडतो.

तरी आठवडा संपेपर्यंत तो पहिल्या दुसऱ्या गिअरमध्ये सरळ जायला लागला, वळायला लागला, आणि थांबायलाही, बहुतेक वेळा ठरवलेल्या जागीच.

पण मी मामाला ओळखून होते. लग्नकार्यात भाषण करायची वेळ आली की त्याचा घसा बसतो. पोहायला चला म्हटलं की कान दुखतो. त्याच्या सगळ्या सबबी मला आवाजासकट पाठ. म्हणून मी त्याला म्हटलं, “मामा, तू ऐन वेळी सबब काढणार. पैज.”

“नाही काढणार.”

“काढणार. पाय दुखतो म्हणशील. असा,” आणि मी कळवळून दाखवलं.

मामाला ते लागलं. लागलेलं दिसू नये म्हणून तो हसला, त्यामुळे जास्तच दिसलं. “बरं. मी सबब काढली, तर वर्षभर गिऱ्हाइकांसमोर माझी नक्कल कर, मी टाळ्या वाजवीन. नाही काढली, तर महिनाभर तू कुणाचाही आवाज काढायचा नाही. न्हाव्याचा नाही, डॉक्टरचा नाही, प्लगचासुद्धा नाही.”

मामी साक्षीदार. मी हातावर हात मारला. जिंकलेलीच पैज होती.

फेरीच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी लाल गाडी दुकानात आणून ठेवली. मामीनं ब्रेक पाहिले, चेनला तेल दिलं, टायरांत हवा भरली. आता आपणही काहीतरी करावं, असं मामाला वाटलं. घाबरला की त्याचे हात स्वस्थ बसत नाहीत. त्यानं फडकं घेतलं, बाटली घेतली, टायर चमकवले. मग मडगार्ड. मग टाकी. मग उरलेल्या पॉलिशचं काय करायचं, म्हणून जे काळं आणि निस्तेज दिसलं ते चमकवलं. सीट आरशासारखी झाली. त्यात बघून त्यानं भांग पाडला.

सकाळी रस्ता दुतर्फा भरला होता. न्हावीकाका अर्धी दाढी झालेल्या माणसाला घेऊन दारात उभे, शिंपीकाकांच्या तोंडात टाचण्या. काचेच्या दुकानाचा मालकही हाताची घडी घालून उभा. मामानं नवी, कडक इस्त्रीची पँट घातली होती. तो लाल गाडीवर बसला, आणि बसल्या बसल्या बोटभर पुढे सरकला. त्याला वाटलं, भीतीनं सरकलो.

गाडी सुटली. क्लच छान सोडला. सरळ गेला. डोळे उघडे होते, मी पाहिलं. मागे तीसेक मोटरसायकली गुरगुरत, पैकी पहिली मामीची. शिंप्याच्या दुकानापुढे वळण. मामानं शिकवल्याप्रमाणे ब्रेक दाबला.

गाडी थांबली. मामा थांबला नाही. तो सर्रकन सीटवरून टाकीपर्यंत गेला, तिथं “हंक्” असा एक आवाज झाला, मग इंजिन बंद पडलं, गाडी सावकाश उजवीकडे कलली, आणि मामा रस्त्यावर असा बसला जसा कुणी सतरंजीवर बसावा. दोन्ही हात मांडीवर. टाचण्या पडल्याचं ऐकू आलं.

डॉक्टर धावत आले. “जुनी दुखापत! जुनी दुखापत उसळली! बाजूला व्हा, पाय मोकळा सोडा त्यांचा!”

गर्दी हळहळली. न्हावीकाका म्हणाले, “तोच पाय हो, तोच!”

मी गर्दीत घुसून पुढे आले, हसू दाबत. पैज संपली होती. सबब मामाला शोधावीही लागली नव्हती, लोकांनीच ती चांदीच्या ताटात घालून आणली होती. त्यानं फक्त पाय धरायचा आणि “आई गं” म्हणायचं. क्लब राहिला असता, नाव राहिलं असतं, गोष्टीला आणखी एक वळण मिळालं असतं.

मामानं डाव्या पायाकडे पाहिलं. बाहेर बघायला खिडकी नव्हती. सगळा रस्ता त्याच्याकडेच बघत होता. मग त्याची नजर माझ्यावर आली. मी तयारीत होते, कळवळलेला चेहरा करून, त्याचाच.

“दुखापत कसली,” मामा म्हणाला. “सीटला पॉलिश मारलं मी. माझ्या हातानं. रोज शंभर लोकांना सांगतो, सीटला चुकूनही नको.”

मामानं डावा पाय सगळ्यांसमोर पुढे केला.

“आणि पायावर सायलेन्सरचं खोकं पडलं होतं. शर्यत कधी पाहिलीसुद्धा नाही मी. गाडी चालवायला याच आठवड्यात शिकलोय. माझ्याकडचं जे जे तुम्ही बसवलंत ना, ते सगळं हिनं चालवून बघितलंय.” त्यानं मामीकडे बोट केलं. मग उठता उठता त्याच्यातला विक्रेता जागा झाला. “हा पायापुढचा लोखंडी क्रॅश गार्ड तेवढा बघा, आपल्याच दुकानातला. गाडी आडवी झाली, पण ओरखडा नाही. आहे का कुठं?”

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. ओरखडा नव्हता. मग ते असे हसले की त्यांचे स्वतःचे सगळे दात मोजता आले असते. “वहिनी, पुढे तुम्ही व्हा!”

साबणाच्या पाण्यानं सीट धुतली. मामी लाल गाडीवर बसली, मामा तिच्या मागे, पर्स छातीशी, डोळे मिटून. मैदानापर्यंत तो एकदाही घसरला नाही.

क्लबचे दोनतीन जण काचेच्या दाराआड गेले. बाकीच्यांनी पुढच्या आठवड्यात येऊन सगळे क्रॅश गार्ड नेले, आणि जाता जाता मामीला विचारलं, शिकवणी आम्हांलाही देता का. न्हावीकाकांची गोष्ट तर आता फारच सुधारली आहे. “एवढा मोठा रेसर! कचकच. भर रस्त्यात म्हणाला, मला काही येत नाही! कचकच. बायकोला मान दिला हो!”

हे सगळं माझ्यासमोर चालतं, आणि मी गप्प. काल एक गृहस्थ काउंटरवर “फुर्र टक, फुर्र टक” करत होते आणि त्यांचं टक साफ चुकत होतं. मला बरोबर येत होतं, ओठांवर आलं होतं. मामानं नुसतं बोट वर केलं.

म्हणून हे लिहून काढलं. लिहिण्याबद्दल पैजेत काही ठरलं नव्हतं.