गळवाचं इंजेक्शन

धाकट्या जावेच्या काखेत गळू झालं, तेव्हा ती वर्षभर अंथरुणातच होती. आजार मनाचा. नाशिकच्या मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्या बदलून बदलून पाहिल्या. ती आंघोळीलाही उठेना. आमचं घर फुलशेतीचं. तिच्या वाटणीची तोडणी मी करत होते, तिची मुलंही माझ्यामागेच असत. ही उठणार की नाही, एवढाच घरात प्रश्न होता.

गळू कापायला जवळच्या छोट्या दवाखान्यात नेलं. नव्वदीची मधली वर्षं. असल्या कामाला तिथे केटामाइनची भूल देत. शुद्धीवर येताना ती ओरडली, "ताई, मी छताला चिकटलेय, खाली ओढा मला!" मी तिचा पाय धरून बसले. डॉक्टर म्हणाले, "या भुलीत होतं असं. उतरेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. माझा चहा चाखून म्हणाली, "ताई, हा चहा आहे की पाक?"

सासूबाईंना काही कोडं पडलं नाही. त्यांनी त्याच आठवड्यात वणीच्या देवीला नवस बोलला होता. "आईनं ऐकलं. आता कशाला त्या गोळ्या? लय गुंगी आणत्यात," म्हणत त्यांनी गोळ्या बंद केल्या. आम्ही तिला गडावर नेलं. पायऱ्या ती माझ्यापुढे चढली. आणि घरी आल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली.

एकाच आठवड्यात फवारणी केली, खत टाकलं आणि पाऊसही झाला, तर शेवंती कशानं सुधारली, कसं सांगायचं? आणि नंतर का सुकली? सासूबाईंच्या मते नवस फेडताना काही राहिलं. मला वाटायचं, गोळ्या थांबवल्यामुळे. जाऊ मात्र म्हणायची, "ते गळवाचं इंजेक्शन द्या ना परत." मी मनोविकारतज्ज्ञांना विचारलं. ते हसले. "अहो, ती ऑपरेशनची भूल. उदासीवर कशी चालेल?"

पुढे गोळ्या झाल्या, शॉक झाले. कधी बरी, बहुतेकदा नाही. दोन हजार सालानंतर बऱ्याच वर्षांनी एक नवे डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांना दाद न देणाऱ्या उदासीवर परदेशात केटामाइन देऊन बघतायत. भूलतज्ज्ञ शेजारी ठेवून, कमी मात्रेत देता येईल. पण टिकेलच, असं नाही."

"आम्ही दिलंय ते," मी म्हटलं. त्यांना आधी समजेना. मग सगळं सांगितलं.

जाऊ लगेच तयार झाली. दवाखान्यात जाताना म्हणाली, "ताई, या वेळी गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि आईंना नवस बोलू देऊ नका. कशानं होतं ते कळू दे तरी एकदा."

दुसऱ्या दिवशी ती आपणहून उठली, केस विंचरून ओट्यावर येऊन बसली. सासूबाई तिच्याकडे बघेनात.

"आई, नवस बोललात ना?" जावेनं विचारलं.

"तोंडानं नाय बोलले," त्या म्हणाल्या, "नुसतं मनात."

"झालं!" म्हणत जाऊ हसायला लागली. किती वर्षांनी हसली, कोण जाणे. कशानं, तेही.