हडळीचा निरोप

दिल्ली कँटातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, आमच्या वैजयंताकाकू सिनेमात हडळ झाल्या, आणि काय झाल्या! स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मिटून आम्ही चार पोरं जुन्या भयपटांची टर उडवणारा छोटासा सिनेमा काढत होतो, गणेशोत्सवात मंडळात दाखवायला. काकूंनी जन्मात कधी स्टेज पाहिलं नव्हतं. पण "हडळ मीच" म्हणून त्या आठ दिवस तोंडाला पीठ फासून आरशासमोर दात विचकत होत्या.

भर दुपारी पडदे ओढून त्यांच्याच क्वार्टरमध्ये शेवटचा शॉट लावला. मांत्रिक झालेल्या सुजयनं लिंबू फेकलं. आता हडळीनं किंचाळायचं होतं, "जाते मी, कायमची जाते!"

काकूंनी लिंबू उचलून बाजूला ठेवलं.

"काकू, बोला ना यार!" सुजय ओरडला.

"अरे, आमचे हे तिकडे लेहला पोस्टिंगवर. भरल्या घरातून 'जाते' म्हणू? 'येते' म्हणावं, एवढंही शिकवलं नाही का तुझ्या आईनं?"

"हडळ म्हणतेय, तुम्ही नाही!"

"तोंड कुणाचंय?"

"मग दुसरी हडळ बघू का?" सुजय वैतागला.

पिठाखाली काकूंचा चेहरा पडला. मग त्यांनी केस मोकळे सोडले, डोळे फिरवले आणि सुजयच्या नाकाला नाक भिडवून किंचाळल्या, "येते हं मी! येतेच!"

शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मांत्रिक पलंगामागे जाऊन बसला. मी 'कट' म्हणायचंच विसरलो.

"काकू, हडळ तुम्हीच!" पलंगामागून सुजय म्हणाला.

"अच्छा? मग परत घ्या एकदा," काकू हरखून म्हणाल्या, "आता जरा भीती वाटेल असं करते."